पश्चिमेच्या बाल्कनीतलं उन्हाळी ऊन: कोणती झाडं ठेवावीत आणि ती कशी जगवावीत

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलला लागून पश्चिमेची बाल्कनी, दुपारी दीड-दोनपासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन. मार्चमध्ये आणलेली पीस लिली आणि अरेका पाम एप्रिलअखेर करपले, मनी प्लांट पिवळा पडला, रोज पाणी घालूनही दुपारी सगळं मान टाकतं. एवढा प्रकाश आहे तर त्यात जगतील अशी झाडं कोणती, आणि चुकतंय कुठे?

आधी चुकतंय कुठे ते सांगतो. पान करपलेलं दिसतं म्हणून आपण पानाकडेच बघत बसतो. पण एप्रिल-मेमध्ये कुंडीतलं झाड बहुतेक वेळा मुळांपासून जातं. कुंडी तापलेली असते, मधला मातीचा गोळा कोरडाठाक असतो आणि भोवतीची माती रोजच्या पाण्याने चिकचिकलेली असते. हे तिन्ही एकाच कुंडीत एकाच वेळी चालू असतं. झाड बदलून हे सुटत नाही. म्हणून झाडांच्या नावांइतकंच खाली कुंडी आणि पाण्याबद्दल लिहिलं आहे.

दिशेबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. घरातल्या झाडांविषयीचा बराचसा सल्ला युरोप-अमेरिकेतून आलेला असतो आणि त्यात दक्षिणेची खिडकी सगळ्यांत उजेडाची मानलेली असते. आपल्याकडे हिवाळ्यात ते बरोबर आहे. डिसेंबरात पुण्याला भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. उन्हाळ्यात मात्र सूर्य डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, पणजीत मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १४ मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास असतो. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा असेल तर थेट ऊन जवळपास येतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं. उन्हाळ्याचं खरं ऊन पूर्व आणि पश्चिम या दोन भिंतींवर पडतं. त्यातलं पूर्वेचं ऊन थंड हवेतलं असतं. पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा हवा ३८-४० अंशांवर गेलेली असते, भिंत आणि फरशी तापलेली असते, आणि सकाळपासून पानांनी बरंच पाणी उडवलेलं असतं. तेवढेच तास ऊन, पण झाडाला ते दुप्पट जड जातं. तुमच्या घरात हिवाळ्यात जी जागा उत्तम होती ती एप्रिलमध्येही उत्तम असेल असं धरून चालू नका. मार्चच्या शेवटी एकदा सगळ्या कुंड्यांच्या जागा नव्याने ठरवाव्यात.

जागा किती उजेडाची आहे ते डोळ्याने कळत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. दुपारी दोनला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. सावलीची बोटं सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसली तर थेट ऊन. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर तो चांगला उजेड. नुसता धूसर डाग दिसला तर तिथे झाड फक्त तग धरेल, वाढणार नाही. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप असेल तर उघड्या उन्हात आकडा लाखाच्या जवळ जातो आणि त्याच खोलीत खिडकीपासून सहा-सात फूट आत हजारावर किंवा त्याच्याही खाली येतो. हा उतार किती तीव्र आहे ते एकदा मोजून बघाच. बाल्कनीतली कुंडी दाराच्या आत तीन फूट सरकवली की झाडासाठी तो वेगळा प्रदेशच असतो.

आता निवड. पान हातात घेतलं की अर्धं उत्तर मिळतं. जाड, मेणचट, लहान, राखाडी छटेचं किंवा मुळातच रंगीत पान ऊन सोसतं. पातळ, रुंद आणि गडद हिरवं पान जंगलाच्या तळातल्या सावलीतून आलेलं असतं. पीस लिली आणि कॅलाथिया त्यातलेच. पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींत पांढरा भाग सगळ्यांत आधी जळतो.

तुमच्या बाल्कनीच्या कठड्याशी, म्हणजे चार-पाच तास थेट ऊन पडतं तिथे, अडेनियम, युफोर्बिया मिली, बोगनवेल, मोगरा, सदाफुली, गवती चहा, जांभळा ट्रेडेस्कँशिया आणि पोर्चुलाका ठेवा. पोर्चुलाकाला बरेच जण ऑफिस टाइम म्हणतात. मोगऱ्याला हेच ऊन हवं असतं. सावलीत तो पानांनी डवरतो आणि कळी धरत नाही. फुलांचा एक बहर संपला की फांद्यांचे शेंडे दोन पेरं खाली छाटायचे, नव्या फुटीवर पुढचा बहर येतो. बोगनवेलीला फूल हवं असेल तर कुंडी लहान ठेवा आणि पाणी ताणून द्या, म्हणजे माती चांगली वाळू देऊन मगच.

यांतलं एकच घ्यायचं असेल तर मी अडेनियम सुचवीन. घेताना फुलांकडे बघू नका, बुंधा दाबून बघा. तो कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे. घरी आणल्यावरही हीच परीक्षा. माती कोरडी असताना बुंधा किंचित दबला तर झाडाला तहान लागली आहे, पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत भरून येतो. माती ओली असताना बुंधा मऊ लागला तर आत कूज आहे. तेव्हा लगेच उपसून काढायचं, धारदार सुरीने तपकिरी भाग पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापायचा, कापावर बुरशीनाशक पावडर लावून सावलीत पाच-सात दिवस उघडं सुकवायचं आणि मग कोरड्या मातीत लावायचं. एक खबरदारी घ्या: अडेनियमचा चीक विषारी आहे आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर फार जळजळ होते. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर ही दोन्ही झाडं त्यांच्या आवाक्याबाहेर, उंचावर टांगलेली बरी.

बाल्कनीच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे ऊन जाळीतून गाळून किंवा तासभरच येतं, तिथे क्रोटन, रबर प्लांट, स्नेक प्लांट, जेड, कोरफड आणि पानओवा चालतात. कोरफड थेट उन्हात मरत नाही, पण तांबूस होऊन आक्रसते. पानं भरलेली हवी असतील तर हीच जागा. क्रोटन जागा बदलली की खालची पानं टाकतो. दोन-तीन आठवडे चालणारी ती नाराजी आहे, घाबरून पाणी वाढवू नका. जेडच्या बाबतीत, नर्सरीत त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा पोर्चुलाकारिया असतं: तांबूस खोड आणि नखाएवढी पानं. ते ऊन छान सोसतं. मोठ्या, गुबगुबीत पानांचं खरं क्रॅसुला आपल्या चाळीस अंशांत कंटाळतं, त्याला सकाळचं ऊन द्या.

मनी प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, अरेका आणि तुमची उरलेली पीस लिली हॉलमध्ये, दारापासून चार-सहा फुटांवर ठेवा.

नर्सरीतून आणलेलं उन्हातलं झाडही थेट उन्हात ठेवायचं नसतं. नर्सरीत ते ५० किंवा ७५ टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं आणि त्याची पानं त्या उजेडाला बनलेली असतात. पहिले तीन-चार दिवस चांगल्या उजेडाच्या सावलीत, मग रोज एक तास ऊन, आणि दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाढवत जा. दोन-तीन आठवड्यांत झाड तयार होतं. एप्रिल-मेमध्ये आणलं असेल तर मी दुपारचं ऊन पूर्ण महिनाभर टाळीन. त्यापेक्षा खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत करावी, म्हणजे ऊन जसं चढेल तसं झाडही चढतं.

आता त्या मातीच्या गोळ्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त झाडं यानेच जातात. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी पुष्कळ रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. आपण तो गोळा तसाच उचलून भुसभुशीत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात ठेवतो. हिवाळ्यात चालून जातं. उन्हाळ्यात गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो आणि वरून घातलेलं पाणी त्याला वळसा घालून कडेच्या कोकोपीटमधून खालच्या भोकातून निघून जातं. बशीत पाणी दिसतं, वरची माती बोटाला ओली लागते, आणि मुळं ज्या गोळ्यात आहेत तो आतून कोरडाच. कुंडी आडवी करून झाड हलकेच उपसून बघा, बहुधा हेच दिसेल.

मेमध्ये कुंडी बदलायची नाही, मुळं तुटली तर या उष्णतेत भरून येत नाहीत. बादलीत पाणी घ्या, कुंडी काठापर्यंत बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे वीस ते तीस मिनिटं, थांबा. बाहेर काढून पाणी निथळू द्या. मग विणकामाच्या सुईने गोळ्यात पाच-सहा ठिकाणी खोल भोकं पाडा आणि ती वाळूने भरा. दर दहा-बारा दिवसांनी ही बुडी द्यायची. जूनअखेर हवा गार झाली की गोळा तासभर भिजवून बाहेरची एक तृतीयांश माती धुऊन काढायची आणि नव्या मिश्रणात लावायचं. पानांच्या झाडांसाठी मिश्रण: दोन भाग चाळलेली लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). अडेनियम, जेड आणि कोरफडीला कोकोपीट नको. एक भाग माती, दीड भाग जाड वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे, अर्धा भाग गांडूळखत. कोकोपीट धुवायचं कारण त्यात क्षार असतात. पहिलं तांबडं पाणी टाकून द्या, दोनदा तरी.

कुंडीचं तापमान हा असा विषय आहे की त्याकडे कुणी लक्षच देत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी तीनला हात लावून बघा. उन्हाच्या बाजूची माती सहज ४५ अंशांच्या वर जाते आणि त्या बाजूची कोवळी मुळं शिजतात. उपसलेल्या झाडाच्या एकाच बाजूला तपकिरी, पोकळ मुळं दिसली तर कारण हेच. उपाय स्वस्त आहे. ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी १२ इंची मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओलसर ठेवा. माठातलं पाणी जसं गार होतं तशीच मुळं गार राहतात. पुण्यात, मराठवाड्यात, विदर्भात हे फार चांगलं चालतं. मुंबई आणि कोकणात हवा दमट असल्यामुळे माठासारखाच याचाही जोर कमी पडतो, तिथे कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळून सावली करणं जास्त कामाचं. कुंड्या फरशीवर टेकवू नका, खाली दोन विटा द्या. लोखंडी ग्रिलमध्ये कुंड्या असतील तर खाली लाकडी फळी हवीच. पानही काचेला किंवा ग्रिलला टेकता कामा नये. टेकल्या जागी पट्टा जळतो.

एप्रिलच्या सुरुवातीपासून पाऊस येईपर्यंत बाल्कनीच्या पश्चिम बाजूला ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, झाडांपासून फूटभर अंतर ठेवून. शेडनेट नको असेल तर जुनी पांढरी सुती साडी किंवा धोतर तितकंच चालतं, फक्त दुपारी साडेबाराला ओढायचं आणि पाच वाजता बाजूला करायचं. ७५ टक्क्यांची जाळी लावली तर मोगरा आणि अडेनियम रुसतात. आणि एसीचं बाहेरचं युनिट बाल्कनीतच असेल तर त्याच्या झोतात एकही कुंडी नको. त्या गरम वाऱ्यात पान सावलीतही वाळतं.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. वेळेपेक्षा मोठी चूक मात्र ठरावीक रोजचं पाणी ही आहे. अगरबत्तीची जळून उरलेली काडी धुऊन घ्या, कुंडीत चार इंच खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओली आणि माती चिकटलेली असेल तर आज पाणी नाही. कोरडी आली तर भरपूर पाणी. ८ इंची कुंडीत साधारण ४ लिटर माती बसते, तिला एका वेळी ५०० ते ७०० मिलिलिटर पाणी लागतं, तेही दोन हप्त्यांत, पाच मिनिटांच्या अंतराने, खालून थोडं बाहेर येईपर्यंत. रोज पेलाभर पाण्याने वरचे दोन इंच भिजतात, मुळं वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. जेड, कोरफड, स्नेक प्लांट यांना काडी तळापर्यंत कोरडी आल्यावरच.

दुपारी मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालू नका. मोठ्या पानांचं झाड तीन वाजता मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त पाणी उडवतं, म्हणून पानं लोंबतात. माती ओली असेल तर संध्याकाळी सातला ती आपोआप ताठ होतात. ओल्या मातीत आणखी पाणी घातलं की मातीतली हवा जाते, आणि गरम, चिकचिकीत मातीत मुळं दोन-तीन दिवसांतही कुजतात. संध्याकाळी सातलाही पानं तशीच लोंबत असतील तर काडी घालून बघा: कोरडी आली तर तहान, ओली आली तर मुळं गेली आहेत. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला गरम लागतं, ते तसंच कुंडीत जाऊ देऊ नका. रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणी सकाळी वापरा.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी साय धरते आणि स्पायडर प्लांट, अरेका, ड्रॅसिना यांच्या पानांची टोकं तपकिरी होतात. महिन्यातून एकदा ४ लिटरच्या कुंडीतून ८ ते १० लिटर चांगलं पाणी हळूहळू वाहू द्या, क्षार धुऊन जातात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी क्षारमुक्त असतं, ते बादलीत जमवून या झाडांना जरूर द्या.

करपलेल्या पानावरचे डाग वाचता आले तर कारण चटकन कळतं. उन्हाकडे तोंड केलेल्या भागावर गवताच्या रंगाचा, कागदासारखा वाळलेला, न पसरणारा डाग म्हणजे उन्हाचा चटका. फक्त टोकं आणि कडा तपकिरी: क्षार किंवा कोरडी हवा. तपकिरी डागाभोवती पिवळं वलय आणि डाग दिवसागणिक मोठा होतोय, तर बुरशी. खालची पानं पिवळी आणि मऊ: जास्त पाणी, तुमच्या मनी प्लांटचं हेच झालेलं दिसतं. चटका लागलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, ते अजून अन्न करतंय. पानावरचे पाण्याचे थेंब भिंगासारखे पान जाळतात असं सांगितलं जातं. गुळगुळीत पानांवर तसं होत नाही.

पान फिकट, बारीक ठिपक्यांनी भरलेलं आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लाल कोळी आहे. पांढऱ्या कागदावर फांदी आपटा, हलणारे कण दिसतील. कोरड्या उष्ण हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही. पानांच्या मागे पाण्याचा जोराचा फवारा दर तीन दिवसांनी, असा एकूण तीनदा, आणि तरी उरला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व २ मिलिलिटर पातळ साबण, सूर्यास्तानंतर. दिवसा फवारलं तर तेलानेच पान भाजतं. पिठ्या ढेकणाला (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पुरतो, पण त्याच्या मागे लागलेल्या मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर तो परत येतो.

खत एप्रिल-मे या दोन महिन्यांत जवळजवळ विसरून जा. फुलणाऱ्या झाडांना पंधरा दिवसांतून एकदा लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत), तेही ओल्या मातीवर.

राहिला प्रश्न मे महिन्यात गावी जाण्याचा. आठ-दहा दिवस घर बंद असेल तर सगळ्या कुंड्या बाल्कनीतून उचलून हॉलमध्ये खिडकीपासून तीन-चार फुटांवर एकमेकींना खेटून ठेवा. आदल्या रात्री बुडी द्या, मातीवर इंचभर वाळकी पानं किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. पानांच्या झाडांना वात लावा: सुती नाडी आधी पूर्ण भिजवायची, एक टोक मातीत तीन इंच खोल, दुसरं टोक पाण्याच्या बादलीच्या तळाशी. बादली कुंडीच्या पातळीवर किंवा थोडी वर हवी.  निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, म्हणजे माती किती ओली राहते ते कळेल. अडेनियम, जेड, कोरफड आणि स्नेक प्लांटला वात लावायची नाही, ती एका पाण्यावर सहज राहतात. परत आल्यावर कुंड्या त्याच दिवशी कठड्याला नेऊ नका, पानं सावलीला सरावलेली असतात. चार-पाच दिवस सकाळच्या उजेडात, मग जाळीमागे. आणि परत येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल तर जाळी काढून टाका आणि अडेनियम मात्र सरी पोचणार नाहीत अशा कोपऱ्यात सरकवून ठेवा.